खाऱ्या पाण्यातली बाग: लाल शेवाळं फिकी का पडताहेत?

काचेआड

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

गोड्या पाण्यातली झाडांची टाकी मी आठ-नऊ वर्षं सांभाळली. कात्री, चिमटे, खतं, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, सगळा संसार करून झाला. मग एकदा प्रवाळाचा तुकडाही नसलेली, नुसत्या लाल-हिरव्या समुद्री शेवाळांनी भरलेली खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि डोकंच फिरलं. दहा महिन्यांपूर्वी २०० लिटरची टाकी मांडली. खडक, ३ सेंटीमीटर वाळू, क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, दहा-बारा गोगलगाई. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची छोटी टाकी, त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण ओढून काढणारं यंत्र) आणि फॉस्फेट ओढून घेणाऱ्या फेरिक ऑक्साइडचं भांडं. वरचा दिवा प्रवाळांसाठी असतो तो निळा.

आकडे असे: विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ अंश, क्षारता ८ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), नायट्रेट ०, फॉस्फेट पाणी तपासायच्या किटमध्ये दिसतच नाही.

आणि अवस्था अशी: हॅलिमेनिया आणली तेव्हा पेटलेल्या ज्वाळेसारखी शेंदरी होती. आता तिच्या कडा पारदर्शक झाल्यात, मध्ये भोकं पडलीत. ग्रॅसिलेरिया गर्द लाल होती, ती पिवळट दिसते. चेटो, म्हणजे तारांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ, दोन महिन्यांत मूठभर होती ती मूठभरच आहे, हातात घेतली की तुकडे पडतात. हॅलिमेडा ही चकत्यांच्या माळेसारखी हिरवी, तिच्या काही चकत्या पांढऱ्या पडल्यात.

पाणी मात्र आरशासारखं. आकडेही पुस्तकात छापावेत असे. मग बिघडलंय काय? दिवा? लोह? की ही शेवाळं घरच्या टाकीत टिकतच नाहीत?

चौथा_पंप

शेवाळ घालवायचं कसं, या विषयावर शंभर धागे वाचले असतील. शेवाळ जगवायचं कसं, हा पहिलाच. रुमाल टाकून ठेवतो.

जमलं तर पांढऱ्या उजेडातला फोटो टाका हो. निळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत मेलेलं शेवाळही देखणं दिसतं.

जुना_खारट

आकडे छापण्यासारखे आहेत खरे, पण ते दुसऱ्याच टाकीचे आहेत.

कडक सांगाड्याच्या प्रवाळांसाठी जे 'स्वच्छ पाणी' म्हणून सांगितलं जातं, ते तू बागेला दिलंस. स्किमर ओढतोय, फेरिक ऑक्साइड ओढतोय, आणि उरलेल्या दोन कणांवर चार जातींची शेवाळं जेवायला बसलीत. मासे किती, तर तीन, तेही बोटाएवढे. उपासमार आहे ही, दुसरं काही नाही. फेरिक ऑक्साइडचं भांडं आजच्या आज बंद कर. स्किमर रात्रीपुरता ठेव. मग बोलू.

काचेआड

@जुना_खारट, धन्यवाद. पण नायट्रेट वाढवलं तर केसाळ शेवाळ येईल ना? सुरुवातीचे तीन महिने मी तेच खरवडत होतो. मोठ्या मुश्किलीने शून्यावर आणलंय. आता पुन्हा स्वतःच्या हाताने वर न्यायचं?

शंखिनी

तुमची भीती कळते. बहुतेक सगळे त्याच वाटेने येतात. मीही आले.

गोड्या पाण्यात तुम्ही इतकी वर्षं झाडं वाढवलीत, तेव्हा तुम्ही नायट्रेट शून्यावर ठेवत होतात का? नाही. तिथे तुम्ही खत मोजून घालत होतात आणि शेवाळाशी लढायला जोमदार झाडंच उभी करत होतात. इथेही तेच करायचं. फरक एवढाच की इथली झाडंसुद्धा शेवाळंच आहेत, त्यामुळे मन बिथरतं. माझ्या टाकीत मी नायट्रेट ५ ते १५ पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास ठेवते. प्रवाळवाले ऐकून कपाळाला हात लावतात.

आणखी एक. ही मुळं असलेली झाडं नव्हेत. ग्रॅसिलेरिया, हॅलिमेनिया, चेटो यांना मातीतून काही लागत नाही. खालचा भाग फक्त खडकाला धरून ठेवतो, खाणं-पिणं सगळं अंगाने, पाण्यातून. म्हणून गोड्या पाण्यातल्यासारख्या गोळ्या वाळूत पुरून उपयोग नाही, आणि म्हणूनच पाण्याचा प्रवाह जिवाभावाचा. पातीच्या पृष्ठभागाला पाण्याचा एक पातळ, ठप्प थर चिकटून असतो. प्रवाह मंद असेल तर त्या थरातलं अन्न संपतं आणि बाहेर आकडे चांगले असूनही आत उपवास. चेटोचा गोळा पाण्यात हळूहळू लोळत राहायला हवा. एका जागी बसला की वरून हिरवा नि आतून कुजका होतो. तुमची चेटो तुटतेय ती बहुधा आतून. गोळा उकलून आतला फिकट, मऊ भाग काढून टाका.

दिव्याबद्दल: निळ्या दिव्याने मरणार नाहीत, पण बागेला ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड मला जास्त मानवला. दिवसाला दहा तास पुरे. हॅलिमेनियाला दिव्याच्या थेट खाली ठेवू नका, तिला खडकाच्या बाजूची सावली आवडते.

पेशीभित्ती

शंखिनीताईंनी व्यवहार सांगितला, मी रंगाचं कारण सांगतो, कारण धाग्याचं नावच ते आहे.

लाल शेवाळांचा लाल रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे रंगद्रव्य म्हणजे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हणजे नायट्रोजन. पाण्यात नायट्रोजन मुबलक असला की ग्रॅसिलेरिया त्याची साठवण या रंगद्रव्याच्या रूपात करते. पाण्यातला साठा आटला की तीच साठवण मोडून खाते. रंग उतरतो, आतला हिरवा-पिवळा दिसायला लागतो. म्हणजे पिवळी पडलेली ग्रॅसिलेरिया मोडीत काढलेल्या दागिन्यांवर दिवस काढतेय. तिच्याइतकं प्रामाणिक नायट्रेट-किट बाजारात नाही.

आता आकडा. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींसाठी कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं १०६:१६:१ हे रेडफिल्डचं गुणोत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण तळाशी वाढणाऱ्या मोठ्या शेवाळांचं आणि समुद्री गवताचं गणित वेगळं. ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ साली ते साधारण ५५०:३०:१ असं मांडलं. हे अणूंचं प्रमाण आहे. किटच्या भाषेत, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात आणलं तर अंदाजे २०:१ येतं. चेटोने १० पीपीएम नायट्रेट खाल्लं तर फॉस्फेट जेमतेम ०.५ जातं. म्हणून अनेक टाक्यांत आधी नायट्रेट संपतं, फॉस्फेट मागे राहतं, आणि मालक फॉस्फेट ओढणारं भांडं लावतो. खरं तर नायट्रेट घातलं असतं तर शेवाळानेच फॉस्फेट खाली आणलं असतं.

जाता जाता: किटवर शून्य दिसणं आणि टाकीत अन्न न येणं या दोन वेगळ्या गोष्टी. माशांना भरपूर खाणं पडत असेल आणि शेवाळ ते येताक्षणी उचलत असेल, तरी किट शून्यच दाखवेल. शेवाळ वाढतंय की नाही, हे पाहायचं. तुमचं वाढत नाही, म्हणून तुमचं शून्य हे खरोखरचं शून्य.

चौथा_पंप

"मोडीत काढलेल्या दागिन्यांवर दिवस काढतेय." वा! वाचनखूण साठवली.

निळी_बरणी

माझा वेगळा सूर. रसायनं ओतण्यापेक्षा चार मासे वाढवा आणि दिवसातून दोनदा खायला घाला. निसर्गात कोण पोटॅशियम नायट्रेट मोजून घालतं? माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया येतो, शेवाळं तो नायट्रेटपेक्षा आधी उचलतात. सोपं आणि फुकट.

एखादा पिवळा टँग मासा बघा, रंगही येईल टाकीला.

जुना_खारट

टँग?! बागेत शेळी सोडण्याचा सल्ला आहे हा. टँग, रॅबिटफिश, बहुतेक एंजलफिश, समुद्री साळू म्हणजे अर्चिन, यांच्यातलं काहीही टाकलंस तर ग्रॅसिलेरिया आठवड्यात फस्त. टँग पाळणारे लोक तीच ग्रॅसिलेरिया मुद्दाम चारा म्हणून वाढवतात. बाकी अमोनियाचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य.

शंखिनी

निळी_बरणी, मासे वाढवायला माझी हरकत नाही, पण २०० लिटरमध्ये किती वाढवणार? आणि माशाच्या खाण्यातून नायट्रोजनबरोबर फॉस्फेटही येतं, प्रमाण आपल्या हातात राहत नाही. मी दोन्ही करते. कार्डिनलफिशची छोटी टोळी आहे, तिला पोटभर खाणं. कमी पडलं तर नायट्रेटची बाटली. शेवाळाच्या टाकीत कार्डिनल, गोबी, पाइपफिश असे शांत जीव शोभतात. घोड्यासारख्या तोंडाचे समुद्रघोडे तर शेपटीने ग्रॅसिलेरियाला विळखा घालून तासन् तास बसतात. पण त्यांचं खाणं-पिणं हा वेगळ्या धाग्याचा विषय, इथे नको.

जुना_खारट

बाटलीचं गणित लिहून ठेवतो, पुन्हा पुन्हा विचारतात.

शुद्ध पोटॅशियम नायट्रेट घ्यायचं. त्याच्या १ ग्रॅममध्ये साधारण ०.६१ ग्रॅम नायट्रेट असतं. २०० लिटरच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता पाणी १६० लिटर धरू. नायट्रेट १ पीपीएमने वाढवायला १६० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे ०.२६ ग्रॅम पावडर. एवढं रोज कोण मोजणार? म्हणून २६ ग्रॅम पावडर १ लिटर आरओ पाण्यात विरघळव. त्यातले १० मिली म्हणजे तुझ्या टाकीत १ पीपीएम. सोबत पोटॅशियम जातं, त्याची काळजी नको. समुद्राच्या पाण्यात मुळातच ते ४०० पीपीएमच्या आसपास असतं.

पहिला आठवडा रोज १० मिली, तेही सकाळी दिवा लागल्यावर. दर तिसऱ्या दिवशी मोजायचं. ५ च्या वर टिकायला लागलं की कमी कर. आणि बाटलीवर नाव लिही. घरात कुणी पाणी समजून पिऊ नये.

एकदम ५० मिली ओतून दुसऱ्या दिवशी फोटो टाकू नकोस. पी हळद नि हो गोरी, असं नसतं हे.

काचेआड

समजलं. भांडं बंद केलंय, स्किमर रात्रीच. पावडर मागवली. चेटो उकलली तर आत खरोखर राखाडी लगदा निघाला, शंखिनीताई, नमस्कार तुम्हाला. अर्धी फेकली.

हॅलिमेडाच्या पांढऱ्या चकत्यांबद्दल कुणीच बोललं नाही. आणि कॉलर्पा आणावी का? वेलीसारखी पसरते, फार देखणी दिसते फोटोंत.

किनारवेडी

कॉलर्पा! थांबा, आधी माझी कर्मकथा ऐका.

माझी टाकी होती १५० लिटरची. मागची सगळी भिंत कॉलर्पाने मढवलेली. पिसासारखी पानं, वाळूवरून धावणारे दोर, जो येईल तो थबकायचा. दीड वर्ष एकदाही छाटली नाही, कारण एवढी सुंदर दिसतेय तर हात कशाला लावा! एका रात्री झोपताना तिच्या काही पानांवर जाळीसारखी फिकट नक्षी दिसली. वाटलं, दिव्याचा खेळ. सकाळी उठले तर टाकी नाही, हिरवट ताकाचं पातेलं. आरपार काही दिसेना. पाण्याचा वास बदललेला, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताहेत. भिंतीवरची कॉलर्पा पांढरी, काचेसारखी, हात लावला की विरघळत होती. एअरपंप लावला, निम्मं पाणी बदललं, पाणी शुद्ध करणारा कोळसा (कार्बन) टाकला, तरी एक गोबी आणि सगळे कोळंबीवर्गीय जीव गेले. दोन दिवसांत दीड वर्षाची भिंत साफ.

रडले नाही, पण त्या आठवड्यात टाकीकडे पाठ करून बसायचे.

पेशीभित्ती

किनारवेडी, वाईट वाटलं. पण तुम्ही जे पाहिलंत ते कॉलर्पाचं प्रजनन. नेहमीच्या अर्थाने ती 'मेली' नाही.

ही कॉलर्पा कितीही मोठी पसरली तरी एकच पेशी असते. आत केंद्रकं असंख्य, पण मधल्या भिंती नाहीत. प्रजननाची वेळ आली की ही बया स्वतःसाठी काही राखून ठेवत नाही, आतला सगळा जीवरस बीजपेशींत वाटून टाकते आणि पाण्यात सोडते. उरतं ते रिकामं टरफल. फिकट जाळीदार नक्षी ही आदल्या संध्याकाळची खूण असते. ती दिसली की त्याच रात्री तेवढी कॉलर्पा उपटून बाहेर काढायची, सकाळची वाट पाहायची नाही.

@काचेआड, हॅलिमेडासुद्धा याच घराण्यातली, एकपेशी, आणि तिचीही तीच रीत. प्रजननाच्या वेळी चकत्या पांढऱ्या होतात आणि कडांना बारीक हिरव्या मण्यांचे घोस दिसतात. तुमच्या चकत्यांना असे मणी नसतील तर तो प्रकार नाही. अजून एक गंमत: हॅलिमेडा नवी चकती रात्री काढते. ती आधी पांढरीच असते, हरितकण मागाहून आत येतात आणि ती सकाळी हिरवी होते. तेव्हा टोकाची एखादी चकती रात्री पांढरी दिसली तर ती वाढ. खालच्या जुन्या चकत्या पांढऱ्या राहिल्या तर ती मर. चकत्या चुनखडीच्या, म्हणजे ॲरॅगोनाइटच्या असतात, त्यामुळे ती जोमात आली की कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही खाते. प्रवाळ नाहीत म्हणून मोजणं सोडू नका. मेल्यावर याच चकत्यांची वाळू होते. उष्ण समुद्रांतल्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांत हॅलिमेडाचा वाटा मोठा असतो.

जुना_खारट

कॉलर्पा ठेवणारे बरेच जण तिच्यावर २४ तास दिवा ठेवतात, म्हणजे ती प्रजननाला जात नाही असा अनुभव सांगतात. माझा भरवसा नियमित छाटणीवर जास्त. छाटणी म्हणजे कात्रीने कचाकच नव्हे. एकपेशी आहे, कापलं की आतला रस गळतो. जखमेवर काही मिनिटांत बूच धरतो खरा, पण जितके काप तितकी गळती. दोर टोकापासून सोडवत अख्खा ओढून काढायचा.

आणि हे खास सगळ्यांसाठी: काढलेली कॉलर्पा नाल्यात, ओढ्यात, समुद्रात अजिबात टाकायची नाही. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभर पट्टा दिसला होता. टाक्यांत वाढवलेली काटक जात होती ती. पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरली. २००० साली कॅलिफोर्नियात कार्ल्सबडजवळच्या खाजणात तीच सापडली तेव्हा ताडपत्र्यांखाली झाकून क्लोरीन सोडलं, आणि २००६ साली ती संपल्याचं जाहीर झालं. सहा वर्षं गेली. त्या राज्यात तिच्यावर बंदी आहे. चिमूटभर तुकड्यातून पुन्हा उगवते ती. आधी फ्रीजरमध्ये गोठवायची किंवा उन्हात कडक वाळवायची, मगच कचऱ्यात.

चौथा_पंप

एका पेशीने सहा वर्षं राज्य सरकारला कामाला लावलं. आदर वाढला.

अवांतर: ॲसिटॅब्युलेरिया नावाची छत्रीसारखी नाजूक चीज आहे, तीसुद्धा बोटभर लांबीची एकच पेशी, ना? शाळेच्या पुस्तकात होती.

पेशीभित्ती

हो. १९३० च्या दशकात हेमरलिंग यांनी तिचेच तुकडे जोडून-तोडून दाखवलं की छत्रीचा आकार शेवटी केंद्रक ठरवतं. केंद्रक तळाच्या मुळासारख्या भागात असतं, त्यामुळे देठ कापून दुसऱ्या जातीच्या बुडख्यावर बसवता येत होता. टाकीत ती गोगलगाईंच्या तोंडून वाचली तर छान दिसते. माझी वाचली नाही.

काचेआड

कॉलर्पा रद्द. एवढं ऐकल्यावर हिंमत नाही.

तीन आठवड्यांचा अहवाल. रोज १० मिली चालू आहे. पहिले बारा दिवस किट शून्यच. मी वैतागून दुप्पट करणार होतो, पण जुना_खारट यांची हळद आठवली. तेराव्या दिवशी १, आज ४. चेटो मुठीची ओंजळ झाली आणि रंग पोपटाचा गर्द हिरवा झाला. ग्रॅसिलेरियाची नवी टोकं लाल येताहेत, जुना भाग अजून पिवळट. हॅलिमेनिया मात्र जैसे थे, उलट एक पाती गळून पडली.

आणि हो, खडकावर केसाळ शेवाळ आलंय. थोडं आहे, पण आलंय.

शंखिनी

केसाळ शेवाळ येणारच. ते हाताने उपटा, दात घासायच्या ब्रशला गुंडाळून काढा, आणि पाणी बदलताना नळीने ओढून घ्या. ट्रोकस आणि सेरिथ गोगलगाई कामाच्या. मोठ्या टर्बो गोगलगाई कधी कधी कोवळ्या लाल पातीला तोंड लावतात, नजर ठेवा. चेटोचं वजन जसं वाढेल तसं केसाळाला खायला कमी उरेल. हा तोल यायला वेळ लागतो. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून पुन्हा फेरिक ऑक्साइड लावू नका, दुर्बळ आधी मरतात आणि चिवट उरतात. चिवट कोण, ते तुम्ही तीन महिने खरवडलंच आहे.

हॅलिमेनियाची गळलेली पाती फेकू नका. जिथे मांस जाड आहे, रंग टिकलाय, तो तुकडा कापून घ्या, खडकाच्या फटीत अडकवा किंवा सायनोॲक्रिलेट जेलच्या (झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या) थेंबाने चिकटवा. मूळ झाडाच्या आशेवर राहण्यापेक्षा निरोगी तुकडा वेगळा करणं शहाणपणाचं. नवीन लोकांचं हेच चुकतं, आजारी भागावर जीव लावून बसतात.

आणखी, नवं शेवाळ आणाल तेव्हा खाऱ्या पाण्याच्या बादलीत खळखळून धुवा, फांद्यांच्या बेचक्या बघा. हिरव्या काचेच्या मण्यांसारखं व्हॅलोनिया शेवाळ आणि तणासारखं फोफावणारं समुद्रफूल एप्टेशिया हे दोन पाहुणे हमखास तिथून येतात. व्हॅलोनियाचा फुगा टाकीत फोडायचा नाही, अख्खा काढायचा. आणि माशांना तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर वेगळ्या टाकीत. या टाकीत तांबं गेलं तर शेवाळं आणि गोगलगाई दोन्ही जातील.

निळी_बरणी

माझं म्हणणं अजून तेच, पण दोन कार्डिनल आणले असते तर बाटली निम्मी झाली असती एवढंच म्हणतो.

काचेआड

@निळी_बरणी, आणतोय. तीन. टँग नाही :)

एक प्रश्न. चेटोवर जोरदार दिवा लावला की दिवसा पीएच ८.४ च्या वर जातो, रात्री ७.९. काही करावं का?

जुना_खारट

शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतं म्हणून पीएच चढतो, रात्री सोडतं म्हणून उतरतो. सम्पमधला चेटोचा दिवा रात्री लाव, वरचा दिवसा. झोका निम्मा होईल.

किनारवेडी

कुणी खऱ्या समुद्री गवताबद्दल लिहील का? शेवाळाला मी आता दचकते.

पेशीभित्ती

समुद्री गवत म्हणजे खरीखुरी सपुष्प वनस्पती. मुळं, खोड, पान सगळं आहे, आणि पाण्याखाली फुलून परागीभवनही पाण्यातूनच. इथे मात्र वाळू हीच जमीन. हॅलोफिला किंवा हॅलोड्यूलसारख्या लहान जातींना थोडक्यात भागतं, पण थॅलेशियासारख्या मोठ्या पानांच्या गवताला १० ते १५ सेंटीमीटर बारीक वाळू लागते, तीही मुरलेली. ताज्या धुतलेल्या वाळूत उपाशी राहतं. जमिनीतलं खोड न मोडता आणलं तरच लागतं आणि लावल्यावर महिनोन्‌महिने ढिम्म बसतं. तेव्हा उपटून मुळं बघायचा मोह आवरायचा. कॉलर्पासारखं एका रात्रीत फितूर होत नाही, एवढं तुमच्या समाधानासाठी.

चौथा_पंप

आणि खारफुटी? टाकीतून पानं वर आलेली फार छान दिसतात.

जुना_खारट

दिसतात छान, पाणी साफ करण्याच्या नावाने लावू नकोस. वाढ इतकी सावकाश की मूठभर चेटो तिच्यापेक्षा जास्त नायट्रेट खाते. शोभा म्हणून लाव. रोप खोल पुरायचं नाही, पानं पाण्यावर राहिली पाहिजेत, आणि वरून खूप उंच होणार हे आधीच धरून चालायचं.

काचेआड

चौथा महिना. धागा वर काढतोय कारण बदल मोठा आहे.

नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, बाटली आता आठवड्यातून दोनदा. ग्रॅसिलेरिया काळपट लाल झाली, पिवळा भाग कापून टाकला. जुनं हॅलिमेनियाचं झाड शेवटी गेलं. पण शंखिनीताईंच्या सांगण्यावरून चिकटवलेले तीन तुकडे लागले, त्यातला एक तळव्याएवढा झालाय आणि शेंदरी आहे. केसाळ शेवाळ एका कोपऱ्यात उरलंय, तिथे प्रवाह पोचत नाही. हॅलिमेडा एका महिन्यात कॅल्शियम ४२० वरून ३७० वर घेऊन गेली, ते मी मोजायचं विसरलो होतो. ओरडू नका.

एक अडचण. चेटो दर पंधरा दिवसांनी फुटबॉलएवढी होते. किती काढू? सगळी काढवत नाही.

शंखिनी

एका वेळी तिसरा हिस्सा, फार तर निम्मी. सगळी काढलीत तर ती उचलत होती ते अन्न कोपऱ्यातलं केसाळ खाईल. आणि बाहेर काढलेली चेटो बादलीत झटका. तिच्यातून अँफिपॉड नि कोपेपॉड असे बारीक कवचधारी जीव पडतील, ते पाणी जाळीतून गाळून टाकीत परत ओता, गोबी खूश होईल.

जुना_खारट

कॅल्शियम रोज ओरडून सांगणार नाही, पण भिंतीवर तारखांचा कागद लाव. आणि त्या कोपऱ्यात एक छोटा पंप बसव, चौथ्या_पंपाला विचार.

चौथा_पंप

माझं नाव उगाच पडलं नाही.